आधी कीर्द, मग खतावणी : उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्प्रेडशीट शिकवताना

पहिल्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही, नुसती बघत बसले. डिस्पॅचचे अण्णा संगणकासमोर होते. पडद्यावर एक्सेलचा पत्रा, म्हणजे शीट, उघडा आणि कळफलकाशेजारी कॅल्क्युलेटर. चलनांवरचे आकडे ते एकेक करून पत्र्यात भरत. मग तेच आकडे कॅल्क्युलेटरवर मिळवत, खात्रीसाठी पुन्हा एकदा मिळवत आणि आलेली बेरीज शेवटच्या घरात हाताने टाइप करत.

"अण्णा, बेरीज संगणक करतो की," मी म्हटलं.

"करतंय म्हणे. खरं आमच्याकडं करत न्हाई. शून्य दाखवतंय."

मी करून बघितलं. खरंच शून्य आलं. प्रत्येक घरात त्यांनी '२५ नग', '४० नग' असं लिहिलं होतं. घरात अक्षर आलं की एक्सेलच्या लेखी ते सगळं घर मजकूर ठरतं, आणि 'सम' हे सूत्र मजकुराला बेरजेत धरत नाही. तक्रारही करत नाही, गुपचूप वगळतं. अण्णांनी दोन वर्षांपूर्वी एकदा ते सूत्र वापरून बघितलं होतं, शून्य आलं, आणि त्या दिवसापासून त्यांचा कॅल्क्युलेटरवर विश्वास बसला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. "यांना संगणक येत नाही" असं मालक मला फोनवर म्हणाले होते, ते वाक्य त्या दिवशीच मनातून काढून टाकलं.

कारखाना बेळगावच्या उद्यमबागेतला. इथल्या फाउंड्र्यांमधून कच्चं कास्टिंग येतं, त्याच्यावर टर्निंग, बोअरिंग, ड्रिलिंग करून पंप आणि व्हॉल्व्हचे तयार भाग बाहेर जातात. उद्यमबाग, मच्छे, होनगा या पट्ट्यात अशी युनिटं पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांचं ऑफिस म्हणजे एक काचेची खोली आणि तीन-चार माणसं. इथेही चौघं होती. डिस्पॅचचे अण्णा, पंचावन्नच्या पुढचे, लेथवरून ऑफिसात आलेले. स्टोअर सांभाळणाऱ्या अक्का. बिलिंग करणारी मुलगी, बी.कॉम. झालेली, बैलहोंगल तालुक्यातली, घरची भाषा कन्नड. आणि उत्पादनाचे आकडे लिहायला दिवसातून एकदा येणारा सुपरवायझर. शेवटचा हिशेब बाहेरचा अकाउंटंट सॉफ्टवेअरमध्ये करायचा. पण माल किती आला, किती गेला, कुणाकडून किती येणं आहे, हे सगळं या चौघांच्या एक्सेलच्या पत्र्यांत होतं.

मला बोलावण्याचं कारण वेगळंच होतं. शिनोळीच्या एका ग्राहकाला कित्येक महिने चुकीच्या कराची बिलं गेली होती. ते पुढे येईलच.

याआधी मालकांनी बिलिंगच्या मुलीला शहरातल्या एका संगणक वर्गात महिनाभर पाठवलं होतं. तिथे ती विद्यार्थ्यांची गुणपत्रिका करायला शिकली : रोल नंबर, पाच विषयांचे गुण, टक्केवारी, नापासाला लाल रंग. प्रमाणपत्रही मिळालं. परत आल्यावर त्यातलं काही चलनांना लागू पडेना. मला त्या वर्गाला दोष द्यायचा नाही, तिथे वेगवेगळ्या ठिकाणची मुलं एकत्र बसतात. पण कामावरच्या माणसाला शिकवायचं असेल तर त्याच्या टेबलावरचा कागद घेऊनच बसावं, हे माझं मत या प्रकरणाने आणखी घट्ट झालं.

सदतीस पानांची फाइल

अण्णांच्या फाइलमध्ये सदतीस पत्रे होते. ग्राहक तितके पत्रे. कोल्हापूरच्या ग्राहकाला माल गेला की त्याचा पत्रा उघडायचा, खाली एक ओळ लिहायची, बेरीज बदलायची. महिना संपला की एक रिकामी ओळ सोडायची, 'मागील शिल्लक' लिहायची आणि पुढे जायचं. शीर्षकांची घरं जोडून एक केलेली. प्रत्येक पत्र्याचे रकाने थोडे वेगळे, कारण एखाद्या ग्राहकाला वजन लागतं, एखाद्याला लागत नाही.

या फाइलला एकच प्रश्न विचारायचा : या महिन्यात एकूण किती माल बाहेर गेला? उत्तराला अर्धा दिवस लागायचा. सदतीस पत्रे उघडून प्रत्येकातून एक आकडा वहीवर उतरवायचा.

मी तयारी करून गेले होते. फळ्यावर चौकोन काढून 'टेबल' म्हणजे काय, 'रेकॉर्ड' म्हणजे काय, 'डेटा' आणि 'रिपोर्ट' वेगळे का ठेवायचे, असं सांगायला लागले. पाच मिनिटांत चौघांचेही चेहरे शाळेतल्यासारखे झाले. मी चौथ्यांदा सांगत होते की सगळ्या ग्राहकांचा माल आधी एकाच लांब पत्र्यात तारखेप्रमाणे लिहायचा, ग्राहकवार पान त्यातून नंतर काढायचं. तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हणजे कीर्द आणि खतावणी म्हणा की वो. टेबल कशाला?"

अण्णांचे वडील रविवार पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. लहानपणी अण्णांनी त्यांना रोज संध्याकाळी लिहिताना बघितलं होतं. दिवसभरातला प्रत्येक व्यवहार आधी कीर्दीत, घडला त्या क्रमाने, एकाखाली एक. मग कीर्दीतून एकेक रक्कम उचलून खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर. खतावणीत काही गफलत झाली तर कीर्द उघडून ताळा बघायचा. कीर्दीत मात्र खाडाखोड चालायची नाही.

मी माझा फळा पुसला. पुढे तिसऱ्या आठवड्यापर्यंत आम्ही 'टेबल' हा शब्द वापरला नाही. पहिल्या पत्र्याचं नाव कीर्द, दुसऱ्याचं खतावणी. अण्णांची चूक काय होती ते त्यांनी स्वतःच सांगितलं : "आम्ही कीर्द न लिहिताच खतावणी लिहीत बसलो."

या एका वाक्यावर मी पुढचं सगळं शिकवणं बांधलं. स्प्रेडशीटमधल्या नवशिक्यांच्या चुका मी बऱ्याच ठिकाणी बघितल्या आहेत. सूत्रं न येण्यापेक्षा मोठी अडचण ही असते : लिहिण्याची जागा आणि दाखवण्याची जागा एकच केलेली असते. रंग, जोडलेली घरं, मधल्या बेरजा, रिकाम्या ओळी हे सगळं माणसाच्या डोळ्यासाठी आहे, त्याची जागा खतावणीत. कीर्द यंत्रासाठी असते. ती कोरडी असावी. एक ओळ म्हणजे एका चलनावरचा एक माल. एका रकान्यात एकाच जातीची गोष्ट. 'नग' हा शब्द रकान्याच्या डोक्यावर एकदा लिहायचा, घरात फक्त २५. मधे बेरीज नाही, मधे रिकामी ओळ नाही, घरं जोडायची नाहीत.

डावीकडे की उजवीकडे

'२५ नग' पुसून '२५' केल्यावर बेरीज आली. अण्णांनी तीच बेरीज कॅल्क्युलेटरवर करून बघितली, जुळली. मग त्यांनी एका आकड्यात मुद्दाम बदल केला, पडद्यावरची बेरीज आपोआप बदलली. त्या दिवशी त्यांनी कॅल्क्युलेटर खणात ठेवला नाही. मीही सांगितलं नाही. तो खणात गेला तिसऱ्या आठवड्यात, आपसूक.

पण पुन्हा असा आकडा मजकूर होऊन बसला तर ओळखायचं कसं? एक्सेलमध्ये, आपण काही बदललं नसेल तर, आकडा घराच्या उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या. या ऑफिसात मात्र सगळी घरं मध्यावर आणलेली होती, 'नीट दिसतंय' म्हणून. मध्यावर आणल्यामुळे नेमकी ती खूण झाकली गेली होती. आम्ही कीर्दीतली सगळी सजावट काढली. अक्कांनी दोन दिवसांत वजनाच्या रकान्यात डावीकडे चिकटलेले अकरा आकडे शोधून काढले. कुणी किलो लिहिलेलं, कुणी आकड्याआधी अपॉस्ट्रॉफी टाकलेली. दुसरी युक्तीही त्यांना आवडली : रकाना निवडला की पडद्याच्या तळाला किती घरं आणि किती बेरीज ते दिसतं. सूत्र न लिहिता ताळा.

याच्या उलटा प्रकार पार्ट नंबरचा. एका भागाचा नंबर होता १२-४. तो टाइप केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकायचं. ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाचा, नंबर बारा अंकी असतो, तो घरात टाकला की १.२३, मग ई, मग अधिक ११ असं काहीतरी दिसायचं, आणि मुलगी घाबरून पुन्हा टाइप करायची. यावरून एक नियम फळ्यावर लिहिला : ज्याची बेरीज कधी करायची नाही, तो आकडा नव्हे, ते नाव. फोन नंबर, पिन कोड, पार्ट नंबर, ई-वे बिलाचा नंबर, बँकेचा खाते नंबर ही सगळी नावं. त्या रकान्याला आधीच मजकुराचा प्रकार द्यायचा, मग लिहायला सुरुवात करायची. बँकेच्या नंबरात तर यावाचून गत्यंतर नाही. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक खरे ठेवतं, सोळावा अंक असेल तर त्याच्या जागी शून्य करतं आणि सांगतही नाही.

हा नियम मी सांगितला आणि पुढे मीच मोडला. ते शिनोळीच्या बिलांत.

एप्रिल निवडला की चार तारीख

अक्कांची एक जुनी तक्रार होती, ती कुणी मनावर घेतली नव्हती. "मॅडम, आमच्या कम्प्युटरवर एप्रिल काढला की एप्रिलचं येत न्हाई. सगळ्या महिन्यांची चार तारीख येतंय."

ऐकायला विचित्र, पण अक्षरशः खरं होतं. स्टोअरच्या संगणकाची विंडोजची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची होती. तिथे आधी महिना, मग दिवस. अक्का ०४/०७ लिहायच्या, म्हणजे चार जुलै. संगणक वाचायचा सात एप्रिल. ०४/०९ म्हणजे चार सप्टेंबर, संगणकाच्या लेखी नऊ एप्रिल. म्हणून फिल्टरमध्ये एप्रिल निवडला की प्रत्येक महिन्याची चार तारीख जमा व्हायची. आणि तेरा तारखेपासून पुढे? तेरावा महिना नसतो. मग तो १३/०७ ला तारीख मानायचाच नाही, मजकूर म्हणून डावीकडे टाकून द्यायचा. अक्कांनी दीड वर्ष हे सहन केलं आणि महिन्याअखेरीस आवक रजिस्टरवरून हाताने मोजत राहिल्या.

मांडणी बदलून भारताची केली, दोन मिनिटांचं काम. जाता जाता लाखाचे स्वल्पविरामही १,००,००० असे जागेवर पडले. पण मांडणी बदलून जुन्या चुका दुरुस्त होत नाहीत, आणि हे समजावून सांगायला मला अख्खा एक तास लागला. एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा क्रमांक असतो. १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. एकदा चार जुलैचा सात एप्रिल झाला की पोटात सात एप्रिलचाच क्रमांक बसतो, मग मांडणी कोणतीही करा. तेरा तारखेपासूनच्या मजकूर तारखा एक्सेलमधली 'टेक्स्ट टू कॉलम्स' ही सोय वापरून, दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगून, एका झटक्यात सुधारल्या. बाराच्या आतल्या मात्र आवक रजिस्टर शेजारी ठेवून एकेक तपासाव्या लागल्या. ते अक्कांनी आणि सुपरवायझरने मिळून केलं, चार संध्याकाळी. तेव्हापासून अक्का महिना आकड्यात लिहीत नाहीत, इंग्रजी तीन अक्षरांत लिहितात. संगणक कुणाचाही असो, त्यात गफलत होत नाही.

दिवसांचा क्रमांक हे कळल्याचा एक फायदा लगेच झाला. दोन तारखांची वजाबाकी होते, आणि उत्तर दिवसांत येतं. याचा उपयोग येणं वसूल करताना झाला.

क्रम लावला आणि नावं सरकली

तिसऱ्या आठवड्यात मोठा घोळ झाला, त्याची जबाबदारी माझी.

मी क्रम लावायला शिकवलं होतं. बिलिंगच्या मुलीने येण्याच्या यादीत ग्राहकांची नावं अक्षरक्रमाने लावायची म्हणून फक्त नावांचा रकाना निवडला. एक्सेलने विचारलं की शेजारचे रकानेही घेऊ का. इंग्रजी वाक्य लांब होतं, तिने दुसरा पर्याय दाबला. नावं सरकली, रकमा जागेवर राहिल्या. फाइल जतन झाली, बंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यादीवरून ग्राहकांना वसुलीचे निरोप गेले. निपाणीच्या एका माणसाला, ज्याने सगळे पैसे चुकते केले होते, मोठ्या रकमेची आठवण गेली. तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं.

मालक मुलीवर ओरडले. मी मधे पडून सांगितलं की क्रम शिकवण्याआधी रोजची नक्कल ठेवायला शिकवायला हवं होतं, ते मी केलं नाही. तिने चूक केली नाही, मी तिला कठडा नसलेल्या जिन्यावर चढवलं. यादी बिलांवरून पुन्हा उभी करायला दीड दिवस गेला.

त्यानंतर तीन गोष्टी कायमच्या झाल्या. रोज संध्याकाळी फाइलची नक्कल, नावात तारीख घालून, दुसऱ्या संगणकावर. कीर्दीचा पहिला रकाना अनुक्रमांक, म्हणजे कसाही क्रम लावला तरी मूळ क्रमावर परत येता येतं. आणि कीर्दीला कंट्रोल-टी करून 'टेबल' करून टाकलं, त्यामुळे क्रम लावताना अख्खी ओळ एकत्र हलते. टेबल हा शब्द त्या दिवशी परत आला, पण आता त्याला कारण होतं, कुणी कुरकुर केली नाही.

शिनोळी परराज्यात आहे

आता ज्यासाठी मला बोलावलं होतं ते.

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने थोडं पुढे गेलं की शिनोळी. तिथे औद्योगिक वसाहत आहे, चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. टेम्पो सकाळी जातो, दुपारच्या जेवणाला परत येतो. हुबळीला जायला त्याहून कितीतरी जास्त वेळ. पण जीएसटीच्या हिशेबात हुबळी घरचं आणि शिनोळी परराज्यातली. हुबळीला जाणाऱ्या १८ टक्क्यांच्या मालावर केंद्राचे ९ आणि राज्याचे ९, शिनोळीला जाणाऱ्यावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, १८. ग्राहक एकूण तेवढेच पैसे देतो, म्हणून चूक कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पण कर चुकीच्या खात्यात जातो, ग्राहकाची वजावट अडकते, आणि आपल्याला योग्य कर भरून चुकीचा भरलेला परत मागत बसावं लागतं. सीमाभागातल्या लहान व्यवसायांना हा फास रोजचा आहे. रोजच्या जाण्यायेण्यात आपल्याला सीमा जाणवत नाही, नातीगोती आणि बाजारहाट दोन्हीकडे, आणि ज्या माणसाला ती जाणवत नाही त्याच्याच हातात बिलपुस्तक असतं.

उपाय जीएसटी नंबरातच आहे. पंधरा अक्षरी नंबराची पहिली दोन अक्षरं राज्याची : कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. ग्राहकांच्या यादीत नंबर आहेच. 'लेफ्ट' या सूत्राने पहिली दोन अक्षरं काढायची, आणि 'इफ' ने विचारायचं : २९ असेल तर आपलं राज्य, नाहीतर बाहेरचं.

मी मोठ्या उत्साहाने सूत्र लिहिलं, खाली ओढलं. सगळे ग्राहक बाहेरचे निघाले. हुबळी बाहेरची, गोकाक बाहेरचं, चार गाळे सोडून पलीकडचा शेजारीसुद्धा बाहेरचा. मी कंस तपासले, स्वल्पविराम तपासले. बिलिंगची मुलगी मागून म्हणाली, "मॅडम, दोन अक्षरं डावीकडं चिकटलेत. ते नाव आहे, आकडा नाही. तुम्हीच सांगितला नियम." लेफ्ट हे सूत्र जे काढून देतं ते मजकूर असतं, आणि मी त्याची तुलना आकडा २९ शी करत होते. मजकूर २९ आणि आकडा २९ एक्सेलला सारखे नाहीत. तिने २९ ला अवतरणचिन्हं लावली, सगळं जागेवर आलं.

सगळ्या शिकवण्यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला क्षण हाच. गुणपत्रिकेच्या वर्गातून काही न घेता परत आलेली मुलगी आता दुसऱ्याच्या सूत्रातली चूक कारणासकट सांगत होती, तेही मराठीत, जी तिची घरची भाषा नाही.

या रकान्यावरच सगळं सोपवायचं नाही, हेही ठरलं. बिल एकाच्या नावाने आणि माल तिसऱ्याच्या पत्त्यावर, असे व्यवहार येतात. त्या ओळीपुढे 'विचारणे' असं लिहून बिल अकाउंटंटकडे पाठवायचं. परराज्यात जाणारा माल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, यासाठी शेजारी आणखी एक 'इफ'. आणि कराची रक्कम 'राउंड' ने दोन दशांशांवर आणायची, कारण पडद्यावर दोनच दशांश दिसले तरी पोटात जास्त असतात आणि बेरजेत एखाद्या पैशाचा फरक पडतो. अकाउंटंट त्या एका पैशासाठी तीन फोन करायचा, ते थांबले.

एकच गाव, तीन गावं

खतावणीचं पान 'सम-इफ' वर उभं केलं : डावीकडे ग्राहकाचं नाव, शेजारी कीर्दीतून त्याच नावाच्या ओळींची बेरीज. सूत्र बरोबर, बेरजा कमी. कीर्दीत एकाच ग्राहकाचं नाव तीन प्रकारे होतं, एकात शेवटी नुसती मोकळी जागा. माणसाला ती दिसत नाही, सूत्राला दिसते. आपल्या गावाचंच तसं : इंग्रजी अक्षरांत १ नोव्हेंबर २०१४ च्या आधीचं स्पेलिंग (Belgaum) आणि नंतरचं स्पेलिंग (Belagavi) अशी दोन आणि तिसरं घाईतलं. गाववार बेरीज मागितली की तीन शहरं. यावर ड्रॉपडाउनची यादी केली, नाव टाइप करायचंच नाही, निवडायचं. कोणतं स्पेलिंग ठेवायचं यावर थोडी चर्चा झाली. शेवटी जीएसटी नोंदणीवर जे असेल तेच, असं ठरवलं.

भाषेचं थोडं सांगते. मेनू इंग्रजी, मी मराठी, मुलगी आणि सुपरवायझर आपसात कन्नड. सुरुवातीला मला धास्ती होती. पण जमा, खर्च, बाकी हे शब्द दोन्हीकडे चालतात, आमची उधारी त्यांच्याकडे उद्री होते. फिल्टरला सुपरवायझरने चाळण म्हटलं आणि सगळ्यांनी ते उचललं. त्याची नोकरीची सुरुवात फाउंड्रीत झाली होती, साच्याची वाळू चाळण्यात. "वाळू तेवढीच असते, वरती काय राहतं ते चाळण ठरवतंय," तो म्हणाला. फिल्टर लावल्यावर बाकीच्या ओळी पुसल्या जात नाहीत, नुसत्या दिसत नाहीत, हे त्यानंतर मला कुणालाही सांगावं लागलं नाही.

पंचेचाळीस दिवस

पाचव्या आठवड्यात येण्याची यादी. बिलाची तारीख, आजची तारीख 'टुडे' या सूत्राने, वजाबाकी, दिवस. त्यावर क्रम, सगळ्यांत जुनं वर. एवढंच. पण हे पान बघून मालक पहिल्यांदा खुर्ची ओढून आमच्यात बसले.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर खरेदीदाराने लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर ४५ दिवसांत, पैसे द्यायचे असा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात नियम आहे. करार नसेल तर १५ दिवस. २०२४-२५ च्या कर निर्धारण वर्षापासून आयकराच्या ४३ बी कलमात एच हा भाग लागू झाला, आणि मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येईनाशी झाली. मालकांना हे माहीत होतं. कोणती बिलं ४५ दिवसांच्या पलीकडे गेली, हे मात्र माहीत नव्हतं. आता ४५ च्या वरची, लाल केलेली घरं मोजता येत होती. मी या कलमाने धमकावायचा सल्ला दिला नाही. सीमाभागात ग्राहक बहुधा ओळखीतले असतात, आणि पुढच्या वर्षीही त्यांनाच माल विकायचा असतो. चाळिसाव्या दिवशी अण्णांनी फोन करायचा, एवढं ठरलं. अण्णांचा फोन कुणी टाळत नाही.

सगळंच जमलं असं नाही. 'व्ही-लुकअप', म्हणजे दुसऱ्या यादीत नाव शोधून त्याच्यापुढचा दर आणणारं सूत्र, मी फार लवकर शिकवायला घेतलं. शेवटचा पर्याय लिहायचा राहिला की ते नेमकं नाव न शोधता जवळपासचं उचलतं, आणि चुकीचा दर खऱ्यासारखा दिसतो. एका कोटेशनमध्ये असा दर जाता जाता अक्कांनी पकडला. मी ते शिकवणं थांबवलं, दर हाताने लिहायचे ठरवलं. पिव्होट टेबल, म्हणजे कीर्दीतून हव्या तशा बेरजा मांडून देणारी सोय, मुलीला आणि अक्कांना आलं. अण्णांनी बघितलं, मान डोलावली आणि चाळण लावून तळाची बेरीज वाचणंच पसंत केलं. त्यांचं उत्तर तितक्याच वेळात येतं आणि बरोबर येतं, मी आग्रह केला नाही. मालकांना पडद्यावर फिरते आलेख हवे होते, रोज सकाळी मोबाइलवर. मी नाही म्हटलं. कीर्द रोजच्या रोज पूर्ण होत नाही तोवर आलेख कालचं खोटं आज रंगवून दाखवतो. ते नाराज झाले, अजूनही थोडे आहेत.

गेटवरचं रजिस्टर हातानेच आहे, आणि तसंच राहावं असं मला वाटतं. अक्कांच्या तारखा त्याच कागदामुळे परत मिळाल्या.

मी जाणं थांबवलं त्याला सहा महिने होऊन गेले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अक्कांचा फोन आला. आधी दर वर्षी १ एप्रिलला नवी फाइल उघडायची, जुन्या शिलका हाताने उतरवायच्या, दिवाळी पाडव्याला नवी वही काढतात तसं. या वेळी त्यांनी तीच कीर्द पुढे चालू ठेवली होती. पण बिलांचे नंबर नव्या आर्थिक वर्षात पुन्हा एकपासून सुरू झाले, आणि बिल नंबर १ चाळला की दोन ओळी येऊ लागल्या, एक गेल्या एप्रिलची, एक या.

"मग काय केलं?" मी विचारलं.

"बिल नंबराच्या आधी वर्षाचा रकाना घातला. आता वर्ष आणि नंबर दोन्ही चाळतोय. अण्णा म्हणाले, जुन्या कीर्दीच्या पुठ्ठ्यावर साल लिहायचे, ते आपण आत घेतलं. बरोबर हाय न्हवं?"

बरोबर होतं. मग त्यांनी दुसरं विचारलं : शेजारच्या गाळ्यातली स्टोअरची बाई बघायला येते म्हणते, तिला पहिल्या दिवशी काय दाखवू?